मास्टर म्हातारा झालाय, की नुसता जुना?

प्रश्न : भोसरीतल्या एका छोट्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये (मोजण्याच्या उपकरणांची अचूकता तपासणाऱ्या) मी टेक्निकल मॅनेजर आहे. इलेक्ट्रो-टेक्निकल आणि डायमेन्शन, दोन्हींसाठी आमच्याकडे एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) अ‍ॅक्रेडिटेशन आहे. आमचा मास्टर, म्हणजे ज्याच्याशी ताडून ग्राहकांचे मीटर तपासतो तो मल्टिफंक्शन कॅलिब्रेटर, सतरा वर्षांचा झाला. यापुढे सुटे भाग मिळणार नाहीत, असं कंपनीचं पत्र गेल्या दिवाळीत आलं आणि सेल्स इंजिनिअरने लगोलग दोन कोटेशनं दिली: एक नव्या कॅलिब्रेटरचं, दुसरं स्लिप गेज (लांबीचे पोलादी मापठोकळे) तपासायच्या कंपॅरेटरचं. मालक म्हणतात, “दर वर्षी मास्टरचं सर्टिफिकेट पास येतंय, मागच्या ऑडिटला असेसर काही बोलला नाही, मग आत्ता कशाला?” मला ठामपणे काही सांगता येत नाही. १० व्होल्ट डीसीला आमची सीएमसी (आम्ही दाखवू शकतो ती सर्वांत कमी अनसर्टन्टी, म्हणजे मोजमापातली अनिश्चितता) १.२ मिलिव्होल्ट आहे. साडेसहा डिजिटचे, म्हणजे बरेच बारीक मोजणारे, मल्टिमीटर घेऊन आलेले दोन ग्राहक यंदा परत गेले. मास्टरच्या मागच्या पाच सर्टिफिकेटांतले आकडे सोबत जोडले आहेत. एसी करंटला मास्टर यंदा मर्यादेच्या अगदी जवळ आलाय. त्यावरून दिलेल्या सर्टिफिकेटांबद्दल ग्राहकांना कळवावं लागेल का, ही धाकधूक आहे. नवं घ्यावं का? आणि घ्यायचं तर कधी?

उत्तर : पाच वर्षांचे आकडे सोबत जोडलेत, याबद्दल आधी तुमचं कौतुक. अशा पत्रांत यंत्राचं वय असतं, कोटेशनची रक्कम असते, मालकांशी झालेली वादावादी असते. आकडे क्वचित असतात. निर्णय तर तिथेच दडलेला असतो. वय बघून मास्टर बदलायचा नसतो आणि ‘पास’चा शिक्का बघून तो ठेवायचाही नसतो. मास्टर कुठे सरकतोय, किती वेगाने सरकतोय आणि उद्या बिघडला तर दुरुस्त होणार का, हे बघायचं. तुमचे आकडे याबाबत बरंच बोलतात.

आधी १० व्होल्ट डीसी घेऊ. पाच वर्षांतली चूक आहे +०.१२, +०.१८, +०.२२, +०.२४ आणि +०.२५ मिलिव्होल्ट. कंपनीची मर्यादा ±१ मिलिव्होल्ट. मर्यादेच्या पाव भागात बसतोय हे झालंच, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की सरकणं दर वर्षी कमी होत गेलंय. आतला झेनर संदर्भ (स्थिर व्होल्टेज देणारा भाग) वर्षं जातील तसा साधारणपणे स्थिरावतो; लोणच्यासारखा मुरतो म्हणा ना. सतरा वर्षांच्या या यंत्राची डीसी बाजू नव्या यंत्राला पहिल्या दोन-तीन वर्षांत दाखवता येणार नाही इतकी भरवशाची आहे, कारण तिच्यामागे इतिहास आहे. नव्या यंत्रामागे फक्त ब्रोशर असतं.

पण या इतिहासाचा उपयोग तुम्ही करून घेतलेला दिसत नाही. तुमची १.२ मिलिव्होल्टची सीएमसी कुठून आली, ते अनसर्टन्टीचं बजेट, म्हणजे तिचा हिशेब, उघडून बघा. माझा अंदाज असा: मास्टरची ±१ मिलिव्होल्टची स्पेसिफिकेशन जशीच्या तशी घेतली, तिला √३ ने भागून ०.५८ आलं. वरच्या लॅबच्या (तुमचा मास्टर जिथे तपासायला जातो तिच्या) सर्टिफिकेटवरची अनसर्टन्टी ०.२, तिची निम्मी ०.१. यूयूसीचा (तपासायला आलेल्या मीटरचा) लीस्ट काउंट, म्हणजे तो दाखवतो ती सर्वांत लहान पायरी, ०.१, त्यातून ०.०३. रिपीटेबिलिटी (पुन्हा पुन्हा मोजल्यावर पडणारा फरक) ०.०५. सगळ्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ०.५९ आणि के २ धरून, म्हणजे दुप्पट करून, १.१८. बरोबर? यातला ०.५८ हा एकटा आकडा बाकी सगळ्यांना गिळून बसलाय आणि तो तुमच्या यंत्राचा नाहीच. त्या मॉडेलच्या जगभरातल्या प्रत्येक नगाला लागू पडावी म्हणून कंपनीने ठेवलेली ती ढिलाई आहे.

तुमच्या यंत्राची माहिती तुमच्याकडे आहे. सर्टिफिकेटवरची +०.२५ ची चूक करेक्शन म्हणून वजा करा आणि बजेटमध्ये स्पेसिफिकेशनच्या जागी वर्षभराचा ड्रिफ्ट (सरकणं) घाला. अलीकडे तो ०.०१-०.०२ च आहे, पण पहिल्या वर्षीचा ०.०६ धरा, म्हणजे हात राखून झालं. √३ ने भागून ०.०३५. आता एकूण ०.१२ येतं, के २ ला ०.२४. खोलीचं तापमान आणि लोड यांचं काही जोडून ०.३ म्हणू. एक रुपयाही खर्च न करता १.२ वरून ०.३! अर्थात स्कोपमधली (मान्यता मिळालेल्या कामांच्या यादीतली) सीएमसी आपल्या मनाने बदलता येत नाही. एनएबीएलकडे अर्ज, नवं बजेट, त्याला आधार देणारा पीटी किंवा आयएलसीचा (इतर लॅबशी निकाल ताडून बघायच्या चाचणीचा) निकाल, हे सगळं करावं लागेल. प्रत्येक रेंजला करेक्शन लावायचं म्हणजे वर्कशीटही बदलेल. पण हे काम नव्या कोटेशनच्या आधी व्हायला हवं, कारण ते केल्याशिवाय तुम्हाला नक्की काय कमी पडतंय हेच कळणार नाही.

एवढं केल्यावर ते साडेसहा डिजिटचे मीटर तुमच्या आवाक्यात येतात का? नाही. या वर्गातल्या नेहमीच्या मीटरची १० व्होल्ट रेंजची वर्षाची स्पेसिफिकेशन वाचनाच्या ०.००३५ टक्के अधिक रेंजच्या ०.०००५ टक्के अशी असते. १० व्होल्टला ती ०.४ मिलिव्होल्ट होते. चारास एक हे गुणोत्तर (मीटरची मर्यादा तुमच्या अनसर्टन्टीच्या चौपट) हवं असेल तर तुमची अनसर्टन्टी ०.१ च्या आसपास पाहिजे. ०.३ घेऊन बसलात तर पास-फेलचा निकाल देताना निम्म्याहून जास्त पट्टा ‘सांगता येत नाही’मध्ये जाईल. इथे तुमची खरी गरज आहे आणि ती आकड्यानिशी आहे. त्या दोन ग्राहकांना परत पाठवलंत ते योग्यच केलंत.

उलट बाजूही बघून ठेवा. तुमच्याकडे येणाऱ्या मीटरांमध्ये साडेतीन डिजिटवालेही भरपूर असणार. २० व्होल्ट रेंजला त्यांचा लीस्ट काउंट १० मिलिव्होल्ट. त्याची निम्मी ५, √३ ने भागून २.८९. आजच्या मास्टरवर त्यांची अनसर्टन्टी ५.९ मिलिव्होल्ट येईल. दहापट चांगला मास्टर आणला तर ५.८. म्हणजे या कामासाठी नव्या यंत्राने ग्राहकाच्या सर्टिफिकेटवर काहीही बदलत नाही. म्हणून वर्षभराच्या जॉब रजिस्टरवर एकदा बसा: कुठल्या वर्गाचे किती मीटर आले, आणि किती जणांना फोनवरच नाही म्हटलं. हा दुसरा आकडा बहुतेक लॅबमध्ये कुठेच लिहिलेला नसतो. आजपासून एक वही घाला आणि नाकारलेल्या प्रत्येक कामाची नोंद करा: कोण, काय, कुठली रेंज, किती अ‍ॅक्युरसी मागत होता. चाकण-तळेगावकडून बॅटरी पॅक आणि चार्जरच्या टेस्टिंगसाठी मोठ्या डीसी करंटची विचारणा होत असेल तर तीही त्यातच येऊ द्या. सहा महिन्यांनी ही वही मालकांसमोर ठेवली, की कोटेशनवर बोलणं वेगळ्या सुरात होईल.

आता दुखणं. एसी करंट, २ अँपिअर, ५० हर्ट्झ: +०.०२, +०.०२, +०.०३, +०.०५, +०.०८ टक्के. मर्यादा ±०.१०. पाचही वेळा पास. मालक म्हणतात ते खरंच आहे. पण आकडे एकाखाली एक लिहून फरक काढा: शून्य, एक, दोन, तीन. डीसीला जे घडलं त्याच्या बरोबर उलट. इथे सरकण्याचा वेगच दर वर्षी वाढतोय आणि तो असाच वाढत राहिला तर पुढच्या वर्षी ०.१२ म्हणजे मर्यादेबाहेर. स्थिरावलेल्या यंत्रात असं होत नाही. रिलेचे कॉन्टॅक्ट खराब होत असतील, करंट अ‍ॅम्प्लिफायरमधला एखादा रेझिस्टर तापून बदलत असेल, कपॅसिटर वाळले असतील. बाहेरून सांगता येणार नाही. पण आत काहीतरी बिघडत चाललंय, एवढं नक्की.

घाबरून जाण्याआधी हेही बघा, की या फंक्शनवर तुम्ही करता काय. तुमच्या कामात क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारे) असतील, पन्नास वेढ्यांची कॉइल लावून. त्यांची अ‍ॅक्युरसी दीड-दोन टक्क्यांची, आणि कॉइलची स्वतःची अनसर्टन्टी बहुतेकदा मास्टरहून मोठी. तिथे मास्टर ०.०८ ला असो की ०.१२ ला, क्लॅम्प मीटरच्या निकालाला धक्का लागत नाही. त्यामुळे ‘मर्यादेबाहेर गेला तर सगळं संपलं’ असं नाही. कंपनीची मर्यादा ओलांडली तरी या रेंजला स्वतःची ढिली मर्यादा, समजा ०.२ टक्के, ठरवून, बजेट आणि सीएमसी त्याप्रमाणे रीतसर बदलून घेऊन काम चालू ठेवता येतं. मी काळजी करतो ती आकड्याची नाही, त्याच्या कारणाची. बिघडत चाललेला भाग हळूहळूच बिघडेल अशी हमी कोणी देत नाही. आणि भाग मिळणार नाहीत असं पत्र तर तुमच्या हातात आहे.

त्या पत्रामुळे तुमचा प्रश्न बदलला. दुरुस्त होणारं यंत्र बंद पडलं तर काही आठवड्यांचं नुकसान होतं. दुरुस्त न होणारं पडलं तर स्कोपमधलं अख्खं फंक्शन बंद आणि मग घाईत, मिळेल त्या किमतीला खरेदी. ऑर्डर, डिलिव्हरी, वरच्या लॅबकडून कॅलिब्रेशन, आयएलसी, स्कोपमध्ये बदल, हे सगळं होईपर्यंत महिने जातात. तहान लागल्यावर विहीर खणायला घेण्याचा हा प्रकार टाळायचा, म्हणून मी ‘घ्या’ म्हणतोय.

जुनी यंत्रं संपतात ती अशाच बाजूंनी. साडेआठ डिजिटचा ३४५८ए हा मीटर ह्यूलेट-पॅकार्डने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणला आणि आजही कित्येक प्रयोगशाळांत तो मास्टर म्हणून मानाने उभा आहे. वय त्याच्या आड आलेलं नाही. पण त्याच्या जुन्या नगांत कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीच्या आधाराने टिकणाऱ्या मेमरी चिपमध्ये असतात. ती बॅटरी एक दिवस संपते आणि सगळे आकडे पुसले जातात. मोजमाप उत्तम, झेनर उत्तम, आणि यंत्र एका चिपपायी आडवं. तुमच्या कॅलिब्रेटरमध्ये अशी मेमरी आहे का, तिची बॅटरी कधी बदलली, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आजच बघा. डिस्प्ले मंद झालाय का, पंखा आवाज करतोय का, तेही लिहून ठेवा.

आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर? जीपीआयबी कार्डासाठी (यंत्र कॉम्प्युटरला जोडणाऱ्या) विंडोज एक्सपीवर अडकलेली मशिनं मी अजून पाहतो. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला. ते मशिन बसलं तर तुमची ऑटोमेशनची प्रोसिजर आणि जुना डेटा दोन्ही जातील. नवा कॅलिब्रेटर घेतला तर सॉफ्टवेअरही बदलेल आणि वापरण्याआधी ते व्हॅलिडेट करावं लागेल; आयएसओ/आयईसी १७०२५ या लॅबसाठीच्या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत ७.११ मध्ये हे स्पष्ट आहे. कोटेशनमध्ये हा खर्च लिहिलेला नसतो. तो तुम्ही लिहा.

मग घ्यायचं काय? सेल्स इंजिनिअरने सुचवलेला कॅलिब्रेटर हा एक मार्ग. दुसरा मार्ग मला तुमच्यासाठी जास्त पटतो, पण त्यात एक अट आहे. साडेआठ डिजिटचा रेफरन्स मीटर घ्यायचा, आणि डीसी व्होल्टेज, रेझिस्टन्स या कामांना जुना कॅलिब्रेटर फक्त स्थिर सोर्स म्हणून वापरायचा. त्याने दिलेलं व्होल्टेज नेमकं किती आहे, हे त्याच वेळी मीटरने मोजायचं. काही मिनिटांच्या अवधीत कॅलिब्रेटर त्याच्या वर्षाच्या स्पेसिफिकेशनपेक्षा कितीतरी स्थिर असतो, त्याचा हा फायदा. शिवाय दर महिन्याचे इंटरमीडिएट चेक (दोन कॅलिब्रेशनांमधली तपासणी) घरच्या घरी होतात. अट अशी, की सोर्स चालू राहिला पाहिजे. तुमच्या एसी करंटचं दुखणं त्या फंक्शनपुरतंच आहे की पॉवर सप्लायपर्यंत पोहोचलंय, हे एखाद्या जाणत्या सर्व्हिस इंजिनिअरकडून उघडून बघून घ्या. मुळाशी असेल तर मीटरचा विचार सोडा, थेट कॅलिब्रेटर घ्या.

कुठलाही पर्याय निवडा, ऑर्डर देण्याआधी एक फोन मात्र कराच: वरच्या लॅबला. १० व्होल्टला त्यांची सीएमसी किती, एसी करंटला किती, ते त्यांच्या स्कोपमध्ये बघा. तुमच्या नव्या यंत्राची स्पेसिफिकेशन १० पीपीएम (दशलक्षात दहा भाग) आणि ते कॅलिब्रेट करणाऱ्या लॅबची अनसर्टन्टी २० पीपीएम, असा संसार जागोजागी मांडलेला असतो. वीस लाखांचं यंत्र येतं आणि कागदावर वापरता येते ती जुनीच अ‍ॅक्युरसी. गरजेपुरती चांगली लॅब पुण्या-मुंबईत मिळाली नाही तर दिल्लीच्या एनपीएलपर्यंत (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) जायची तयारी, आणि तेवढे दिवस मास्टर हाताशी नसण्याची सोय, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे.

स्लिप गेज कंपॅरेटरचं कोटेशन तूर्त बाजूला ठेवा. शंभर मिलिमीटरच्या ग्रेड ० गेजची मर्यादा ±०.३० मायक्रॉन. पोलादाचा प्रसरणांक डिग्रीला ११.५ पीपीएम धरला तर मास्टर गेज आणि तपासायला आलेलं गेज यांच्यात फक्त पाव डिग्रीचा फरक असला की ती अख्खी मर्यादा संपते. तुमच्या खोलीत एसीचा झोत टेबलावर येतो का, गेज हातात किती वेळ राहतं, सोकिंगला (गेज खोलीच्या तापमानाला यायला) किती तास देता, दोन्ही गेजांच्या अंगावर सेन्सर लावून फरक कधी मोजलाय का? हे न करता कंपॅरेटर घेतला तर आजार म्हशीला आणि औषध पखालीला. आधी एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा खोलीचा तापमान-आलेख काढा.

मालकांच्या ‘असेसर काही बोलला नाही’ याला उत्तर एवढंच, की असेसर दोन दिवसांत नमुने तपासतो. तुमच्या मास्टरची पाच वर्षांची चाल तपासणं त्याचं काम नाही. ते तुमचं आहे, कारण सर्टिफिकेटवर सही तुमची असते. त्यांना मोठा रिपोर्ट देऊ नका. एका कागदावर तीन गोष्टी द्या: एसी करंटच्या पाच आकड्यांचा आलेख, सुटे भाग बंद झाल्याचं पत्र, आणि हे फंक्शन तीन महिने बंद राहिलं तर बुडणाऱ्या कामाची रक्कम. धंदा करणाऱ्या माणसाला हे बरोबर कळतं. नव्या यंत्राच्या खर्चात मात्र दर वर्षीचं कॅलिब्रेशन, सॉफ्टवेअर, आयएलसी, स्कोपचा अर्ज आणि लॅबमधल्या मुलांचं ट्रेनिंग सगळं धरा. नंतर कळलेला खर्च तुमच्या शब्दाची किंमत कमी करतो.

वेळेचं म्हणाल तर मास्टरच्या कॅलिब्रेशनच्या पुढच्या ड्यू डेटच्या आत ऑर्डर गेलेली असावी. नवं आल्यावर जुनं लगेच विकू नका. निदान तीन महिने दोन्हींवर तेच मीटर तपासा, फरक नोंदवा. नव्याला इतिहास नाही, तो तुम्ही असा तयार कराल. नंतरही डीसीसाठी जुना चेक स्टँडर्ड (नव्याची पडताळणी करायचं साधन) म्हणून उत्तम चालेल. पुढच्या वेळी जुना वरच्या लॅबकडे जाईल तेव्हा लेखी कळवा, की आधी अ‍ॅज फाउंड (हात लावण्याआधीचे) आकडे द्या आणि विचारल्याशिवाय अ‍ॅडजस्ट करू नका. न सांगता केलेल्या एका अ‍ॅडजस्टमेंटने पाच वर्षांची साखळी तुटते आणि करेक्शन लावून मिळवलेली ती ०.३ ची सीएमसीही तिच्याबरोबर जाते.

राहिली तुमची धाकधूक. शेवटच्या सर्टिफिकेटला एसी करंट ०.०८ म्हणजे मर्यादेत होता, त्यामुळे तिथपर्यंतच्या कुठल्याही ग्राहकाला आज कळवायचं काही नाही. प्रश्न आहे तो त्यानंतरच्या महिन्यांचा. एसी करंटची ड्यू डेट वर्षाची सहा महिने करा. आयलॅक या लॅब-मान्यतेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जी-२४ मार्गदर्शकाची २०२२ ची आवृत्तीही मुदत इतिहासावरून ठरवायला सांगते, वर्ष हा काही दगडावरचा आकडा नाही. त्याआधी याच आठवड्यात एखादा कॅलिब्रेटेड शंट (करंट मोजायचा अचूक रेझिस्टर) किंवा चांगला मीटर मिळवून २ अँपिअरला इंटरमीडिएट चेक घ्या. ०.१० च्या आत आला तर नोंद करा, दर महिन्याला पुन्हा घ्या. बाहेर गेला तर हे फंक्शन वापरणं थांबवा, यंत्राला टॅग लावा आणि १७०२५ च्या ६.४.९ प्रमाणे मागचा परिणाम तपासा: शेवटच्या चांगल्या तारखेपासून या रेंजवर दिलेली सर्टिफिकेटं काढा आणि प्रत्येकात मास्टरची वाढीव चूक घालून निकाल बदलतो का ते बघा. क्लॅम्प मीटरचे बदलणार नाहीत. ते गणित फाइलला लावा. एखाद्या पॉवर अ‍ॅनलायझरचा किंवा चांगल्या करंट ट्रान्सड्यूसरचा बदलला, तर त्याच मानकाच्या ७.१० खाली त्या ग्राहकाला त्याच दिवशी फोन करा आणि मागोमाग पत्र पाठवा. तो फोन तुम्ही स्वतः करा, सेल्सवाल्यावर सोपवू नका.